एका चुकीचे दोन दावेदार

वैद्यकीय संशोधन संस्थेत माणसाला नावाने ओळखण्याची पद्धत नसते. त्याला अवयवाने ओळखतात. पहिल्या मजल्यावर यकृतातल्या बाई बसतात, जिन्याशेजारच्या खोलीत प्लीहेतले दोघे बसतात, आणि "हृदयातले आज रजेवर आहेत" हे वाक्य दारावरचा शिपाई इतक्या कोरड्या चेहऱ्याने उच्चारतो, की नवख्या माणसाने क्षणभर स्वतःची नाडी चाचपावी. या वाटणीत आपल्या कथानायकाच्या पदरी धड अवयवसुद्धा पडला नव्हता. तो उचकीवर संशोधन करीत असे, आणि म्हणून सगळे त्याला उचकीसर म्हणत. उचकी हा अवयव नव्हे, पुरता आजारही नव्हे. ती एक घटना आहे, आणि तीसुद्धा बहुधा डॉक्टर येईपर्यंत आटोपणारी. अशा क्षणभंगुर गोष्टीला आयुष्य वाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी एक हळवी, किंचित अपराधी छटा येते, ती उचकीसराच्या चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतही होती.

स्वभावाने तो इतका भिडस्त, की भरलेल्या लिफ्टमध्ये "जरा सरकता का?" म्हणण्याऐवजी तो मुकाट्याने वरच्या मजल्यापर्यंत जाई आणि जिन्याने खाली येई. अशा माणसाने जगाकडे काही मागायचे म्हणजे संकटच. आणि नेमकी तीच वेळ त्याच्यावर आली.

झाले असे, की संस्थेतली त्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होत असे आणि यंदा ती एक तर कायम व्हायची होती, नाही तर कायमची संपायची होती. कायम होण्याचा नियम स्पष्ट होता. आठ निबंध असे हवेत, की त्यांतल्या प्रत्येकाचा उल्लेख इतर संशोधकांनी आपापल्या निबंधांत निदान आठ वेळा केलेला असावा. उल्लेख स्तुतीचा आहे की निंदेचा, हे कोणी पाहत नसे. मोजणी यंत्र करीत असे, आणि यंत्राला मानापमान नसतात. उचकीसराचे सात निबंध या कसोटीला उतरले होते. आठवा होता 'कोमट पाणी आणि उचकी', आणि त्याचे उल्लेख सात होते. सारे गाडे एका उल्लेखापाशी येऊन अडले होते.

लोक म्हणतात, कोणी आठवण काढली की उचकी लागते. ही समजूत निराधार असल्याचे उचकीसराने पूर्वी एका निबंधात सिद्ध केले होते. त्या निबंधाची आजवर कोणीही आठवण काढलेली नाही.

रोज सकाळी दात घासायच्या आधी तो संगणक उघडी. बी पेरून रोज माती उकरून पाहणाऱ्या मुलासारखी त्याची गत झाली होती.

"किती?" आतून बायको विचारी. ती शाळेत गणित शिकवीत असे.

"सात."

"काल किती होते?"

"सात."

"अरे, मग ती स्थिर संख्या आहे. तिच्याकडे बघून ती वाढणार नाही. तू स्वतःच स्वतःचा उल्लेख कर ना एकदा."

"तो धरत नाहीत."

"बरोबरच आहे," मुक्कामाला आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "आपली स्तुती आपण करू नये."

"स्तुती नाही हो आई. नुसता उल्लेख."

"तोही आपण करू नये, जावईबापू. मी आहे की. मी चारचौघींत सांगतेच, आमचे जावई डॉक्टर आहेत म्हणून. औषध देत नाहीत, तेवढं सांगत नाही."

वरच्या मजल्यावरचे विमाकाका निवृत्त विमा-एजंट होते. म्हणजे नोकरीतून निवृत्त, एजंटपणातून नव्हे. एखाद्याच्या अडचणीचा वास त्यांना जिन्यातच येई. उचकीसराला त्यांनी जिन्यात गाठले आणि कठड्याला पाठ लावून सगळी हकिकत काढून घेतली.

"एक उल्लेख? एकच? अहो डॉक्टर, मी जिवंत माणसांना मरणाचं पटवून आयुष्य काढलं. लाजून काय होतं? मागितल्याशिवाय आई जेवायला वाढत नाही."

"पण काका, हे मागायचं नसतं. ते आपसूक व्हावं लागतं."

"आपसूक फक्त गळतं छत," विमाकाका म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकला: 'आपल्या इमारतीतील डॉक्टरसाहेबांना एका उल्लेखाची तातडीने गरज आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी थेट घरी संपर्क साधावा. कृपया पुढे पाठवा.'

निरोप पुढे गेला; आणि पुढे जाता जाता, निरोपांचे होते तेच त्याचेही झाले. संध्याकाळी दारात तळमजल्यावरचा शिंपी उभा राहिला. बाही आधीच वर केलेली. "माझा ओ पॉझिटिव्ह आहे. चालेल ना?" त्याच्यामागे दोन कॉलेजची मुले होती, त्यांच्यामागे एक अपरिचित बाई डोळे पुसत होत्या. रक्त नको आहे, हे उचकीसराने त्यांना इतक्या हळू आवाजात सांगितले, की दुखणे रक्तापलीकडे गेले आहे असा सगळ्यांचा ग्रह झाला. शिंप्याने सासूबाईंना बाजूला घेऊन धीर दिला. त्यानंतर आठवडाभर उचकीसर जिन्यात दिसला, की माणसे बोलणे थांबवीत आणि कडेला होत. लिफ्टमध्येही त्याला न मागता जागा मिळू लागली. त्या संबंध प्रकरणात त्याला झालेला हा एकमेव शारीरिक लाभ.

तेव्हा मदतीला धावून आले ते खडेसर. खडेसर मूत्रपिंडातले, मुतखड्यांवर त्यांचे संशोधन. उचकीसराच्या शेजारचीच त्यांची खोली, आणि दुपारचा चहा दोघे एका थर्मासमधून पीत. उचकीसराला संस्थेत मित्र म्हणावा असा हा एकच माणूस, आणि त्याचेही कारण असे, की खडेसर एकटेच दोघांपुरते बोलत.

"अरे लेका, एवढ्यासाठी रक्तदान शिबिर भरवलंस? शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जाते का? तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो. मलाही वरच्या पदाला दोन-चार कमीच पडताहेत."

"पण तुमचे खडे, माझी उचकी. संबंध काय?"

"पाणी!" खडेसर म्हणाले. "तुझी माणसं पाणी पितात, माझीही पितात. विज्ञान याहून काय वेगळं असतं?"

उचकीसराचा नवा निबंध तयारच होता. त्यात खडेसरांचे नाव कुठेतरी घालून मोकळे व्हायचे, एवढेच काम होते. दुसऱ्या कोणीही ते डोळे मिटून केले असते. परंतु न वाचलेल्या निबंधाचा उल्लेख करणे म्हणजे न भेटलेल्या माणसाची ओळख सांगणे, असे उचकीसराला वाटे. त्याने खडेसरांचा निबंध नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बहुधा तसा वाचणारा तो पहिलाच. लिहिणाराही त्यात धरला आहे. दिवसाला किती पेले पाणी पिता, असे खडेसरांनी शेकडो रुग्णांना विचारले होते आणि त्यावरून मोठा निष्कर्ष काढला होता. पेला केवढा, हे मात्र कोणालाच विचारले नव्हते.

उचकीसराने तीन वेळा ते वाक्य खोडले आणि चौथ्यांदा, मन घट्ट करून, लिहिले: 'खडे व जलपान यांचा संबंध या अभ्यासाने लक्षात आणून दिला आहे, तथापि, त्यात पेल्याचा आकार नोंदवलेला नाही.'

ज्या नियतकालिकाकडे तो निबंध गेला त्याला मजकुराची एवढी चणचण होती, की तो लगोलग छापून आला. खडेसर खोलीत आले तेव्हा त्यांच्या हातात थर्मास नव्हता.

"तथापि? माझ्या बाबतीत तू 'तथापि' लिहिलंस?"

"मी उल्लेख केला तुमचा. ठरल्याप्रमाणे."

"उल्लेख केलास! पाहुणा म्हणून घरी बोलावलंस आणि दारातच सगळ्यांसमक्ष सांगितलंस, की तुमचा सदरा उलटा आहे!"

उचकीसर जमिनीकडे पाहत अगदी हळू म्हणाला, "पण तो उलटा होता."

दार असे आपटले, की प्लीहेतले दोघेही बाहेर येऊन पाहून गेले.

खडेसरांचे उत्तर पुढच्याच अंकात आले. त्यांनी वाटी परत केली होती, रिकामी मात्र नव्हे. लिहिले होते: 'कोमट पाण्याने उचकी थांबते, असा एक समज संशोधनाच्या नावाखाली प्रचलित आहे. वस्तुतः उचकी आपोआपच थांबते. एका संशोधकाने प्रत्येक उचकी लागलेल्या माणसाला पाणी दिले. पाणी न देता एकालाही बसवून पाहिले नाही. पाणी प्यायल्यावर सूर्य मावळतो, असेही या पद्धतीने सिद्ध करता येईल.'

उचकीसराने ते वाचले आणि शेवटची संदर्भसूची उघडली. वर्णक्रमाने आपले नाव असायला हवे होते, तिथे आधीचे नाव होते आणि नंतरचे नाव होते. दोन घरांमधले घर पाडून रस्ता काढावा, तसे.

"शोभतं का एवढ्या शिकलेल्या माणसाला!" बायको संतापली. "एवढी बोचरी टीका!"

"टीका बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी खरंच कोणाला तसं बसवून ठेवलं नव्हतं. कसं बसवणार? समोर माणूस उचक्या देतोय आणि आपण पाणी न देता घड्याळ बघत बसायचं? मला नाही जमलं ते."

"मग राग कशाचा आलाय तुला?"

"नाव नाही घातलं," उचकीसर म्हणाला. "'एका संशोधकाने' म्हणे! शिवी द्यायची तर नाव घेऊन द्यावी. तेवढ्यात माझे आठ झाले असते."

जगात माणसे न केलेल्या चुकांचे आळ झटकण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतात. केलेली चूक आपल्या नावावर चढावी म्हणून झगडणारा तो बहुधा पहिलाच असावा; निदान त्याची तशी समजूत होती. त्याने नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तक्रारीचे पान उघडले. तिथे तक्रारीचे दोन प्रकार दिले होते: 'माझे श्रेय दुसऱ्याला दिले गेले' आणि 'माझ्यावर खोटा आरोप झाला'. 'माझ्यावर खरा आरोप झाला, परंतु तो माझ्यावर आहे हे सांगितले नाही' असा प्रकार नव्हता. त्याने बरीच घालमेल करून पहिला निवडला. संपादकांचे उत्तर आले: 'सदर चूक आपलीच आहे, याबद्दल पुरावा सादर करावा. अशी चूक कोणीही करू शकतो.'

हे शेवटचे वाक्य त्याच्या जिव्हारी लागले.

"दाव्याचं काम माझ्यावर सोडा," विमाकाका बाह्या सरसावत म्हणाले. "मेलेला माणूस मेला हे सिद्ध करायला मी उभी हयात घालवली. तुमची चूक तर डोळ्यांसमोर धडधाकट उभी आहे. साक्षीदार कोण?"

साक्षीदार घरातच होत्या. त्या जुन्या प्रयोगात माणसे कमी पडली तेव्हा सासूबाईही बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून, शब्द तोलून निवेदन लिहिले: 'मला उचकी लागताच जावयांनी तत्काळ पाणी दिले. क्षणभरही वाट पाहिली नाही. माझ्याच नव्हे, सर्वांच्याच बाबतीत ते असेच वागले. असा जावई मिळायला भाग्य लागते.'

"शेवटचं वाक्य काढू या का?" उचकीसराने विचारले.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना कळू दे."

विज्ञानाच्या दृष्टीने इतका निर्विवाद गुन्हा इतक्या प्रेमाने क्वचितच शाबीत झाला असेल. निवेदन गेले. निवड समितीची बैठक तोंडावर आली होती. आणि मग संपादकांचे दुसरे पत्र आले: 'आपला पुरावा समाधानकारक आहे. परंतु याच चुकीवर आणखी एका संशोधकाने हक्क सांगितला आहे. तेव्हा लेखकाने आपणा दोघांपैकी कोणाला उद्देशून लिहिले, हे त्यांच्याकडूनच लेखी आणावे.'

आणखी एक! उचकीसर खुर्चीत बसून राहिला. पृथ्वीच्या पाठीवर कुठेतरी, अशाच एका अरुंद खोलीत, असाच कोणी संगणकासमोर बसून म्हणत होता, ती चूक माझी आहे हो, माझी. दुसऱ्या कोणाला हेवा वाटला असता. उचकीसराला आधी वाईट वाटले, आणि हेवा त्यानंतर.

खडेसरांची खोली एका भिंतीपलीकडे होती, पण तिथवर जायला त्याला अर्धा दिवस लागला. खडेसर खिडकीशी बसले होते. समोर बाटल्यांतून खडे मांडलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. दुसऱ्याच्या वेदनेचे इतके नीटनेटके संग्रहालय उचकीसराने नेहमीच कौतुकाने पाहिले होते.

"काय आहे?" खडेसर मान वर न करता म्हणाले.

"तुम्ही ते जे लिहिलंत, 'एका संशोधकाने'... तो मीच ना?"

"म्हणजे?"

"दुसरा एक जण म्हणतोय, तो आहे."

खडेसरांनी मान वर केली. "कोण दुसरा? मी ओळखत नाही कोणाला. अरे, मी तुलाच मूर्ख म्हणालो होतो! एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी दुसऱ्या कोणाला असं म्हणेन का?"

"तेवढं लिहून द्याल?"

समोरची एक बाटली सरळ करीत खडेसर म्हणाले, "देतो. एका अटीवर. ते 'तथापि' मागे घे. दुरुस्ती छाप, की नजरचुकीने लिहिलं गेलं. तू कायम होशील, माझी अब्रू राहील. फिट्टंफाट."

उचकीसराला घर दिसले. कायम झाल्यावर या भिंतींना आपल्या मनासारखा रंग देऊ म्हणणारी बायको दिसली. उचकीची ती लहानशी खोली दिसली, जिच्या कुलपाची किल्ली वर्षअखेर दुसऱ्या कोणाकडे जाणार होती. होय म्हणायला एक श्वास पुरला असता. लिफ्टमध्ये "सरकता का" न म्हणू शकणारा तो माणूस, खडेसरांच्या बाटल्यांकडे पाहत, कसाबसा म्हणाला, "बाकी काहीही लिहितो. पण पेल्याचा आकार खरंच विचारला नव्हता तुम्ही."

आणि तो दाराकडे वळला.

"थांब," मागून आवाज आला. "माहीत आहे मला ते. छापून आल्यावर त्याच दुपारी लक्षात आलं होतं माझ्या." खुर्ची करकरली. "सही कुठं करायची? आणि चहा आण आधी. थर्मास तुझ्याकडेच पडलाय केव्हाचा."

पुढच्या अंकात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत दुरुस्ती आली: मागील अंकात ज्या संशोधकाच्या चुकीचा निर्देश होता, ते म्हणजे... आणि पुढे उचकीसराचे नाव, संपूर्ण, पदवीसकट, कोमट पाण्याच्या निबंधासकट. सातचे आठ झाले. सासूबाईंनी ते पान शिंप्याला नेऊन दाखवले आणि धोका टळल्याचे सांगितले.

समितीच्या अध्यक्षांनी कागदावरचा आकडा पाहिला. "आठ. उत्तम." मग चष्मा काढून त्यांनी प्रथमच माणसाकडे पाहिले. "विषय कोणता आपला?"

"उचकी."

"अरे वा! आमच्या सासऱ्यांना फार त्रास आहे हो. काय करावं?"

अनेक वर्षांच्या साधनेनंतर कोणीतरी त्याला त्याच्या शास्त्रातला प्रश्न विचारला होता, आणि आता त्याला उत्तर ठाऊक होते. "काही करू नये," तो म्हणाला. "आपोआप थांबते." अध्यक्षांचा चेहरा पडला, पण आकडा आठच होता, त्यामुळे तो कायम झाला.

त्याच संध्याकाळी, संपादकांकडून नाव मिळवून, त्याने त्या दुसऱ्या दावेदाराचा निबंध शोधून काढला. त्याला त्या समदुःखी मूर्खपणाला एकदा भेटायचे होते. तो उचकीसराच्या निबंधाच्याही आधीचा होता. त्या माणसाने उचकी लागलेल्यांचे दोन गट केले होते. एकाला पाणी दिले होते, दुसऱ्याला न देता, घड्याळ लावून, बसवले होते. शेवटी साध्या, सरळ वाक्यात लिहिले होते, की पाण्याने काहीही फरक पडत नाही. त्याने चूक केलीच नव्हती. निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होता, आणि त्याच्या नावापुढे यंत्राने आकडा दाखवला होता: शून्य. बरोबर असल्याबद्दल त्याला कोणी काही म्हटले नव्हते. म्हणून बिचारा चुकीच्या रांगेत येऊन उभा राहिला होता.

"काय वाचतोस एवढं?" बायकोने विचारले. "आता झालास की कायम."

उचकीसर नवा निबंध लिहायला बसला होता, आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात त्याने लिहिले, की हे सत्य फार पूर्वी एका संशोधकाने सिद्ध केले आहे. आणि पुढे त्या संशोधकाचे नाव लिहिले.

निबंध छापून आला त्या आठवड्यात एका अनोळखी पत्त्यावरून त्याला एक ईमेल आला. दोनच ओळी होत्या.

'आपण माझा उल्लेख केल्याचे पाहिले. कृपया कळवावे, माझे काय चुकले?'